मोटार विम्याचा हप्ता : सक्तीपासून दरवाढीपर्यंत

मोटार विमा दोन भागांचा असतो. पहिला भाग वाहनाची धडक बसलेल्या तिऱ्हाइतासाठी असतो. व्यवहारात त्याला ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. तो कायद्याने सक्तीचा असून त्याचा दर सरकार ठरवते. दुसरा भाग खुद्द वाहनाच्या नुकसानीचा असतो. तो ऐच्छिक असून त्याचा दर विमा कंपनी ठरवते. दोन्ही एकत्र घेतले की लोक त्याला ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात. दरवर्षी पॉलिसी रिन्यू करताना भरावी लागणारी रक्कम म्हणजे या दोन भागांची, मालक-चालकाच्या अपघात विम्याची आणि करांची बेरीज. या चारही घटकांचा इतिहास वेगवेगळा आहे, आणि हप्ता का वाढला व तो कुठे आटोक्यात ठेवता येतो, हे त्या इतिहासावरून उलगडते.

सक्तीची सुरुवात

भारतात मोटारींसाठी पहिला देशव्यापी कायदा १९१४ साली झाला. त्यात वाहनाची नोंदणी, चालकाचा परवाना आणि वेगावर नियंत्रण यांची तरतूद होती. विम्याची सक्ती नव्हती. मोटारीखाली सापडलेल्या माणसाला किंवा त्याच्या वारसांना दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागे. दावा जिंकला, तरी मालकाकडे पैसा नसेल तर हुकूमनामा कागदावरच राही. मालकाने स्वेच्छेने विमा उतरवला असला, तरी करार मालक आणि कंपनी यांच्यातला असल्यामुळे जखमीला कंपनीकडे थेट मागणी करता येत नसे.

ब्रिटनमध्ये हाच प्रश्न १९३० च्या रस्ता वाहतूक कायद्याने सोडवला आणि १९३१ पासून तिथे थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. त्याच धर्तीवर भारतात १९३६-३७ मध्ये एका समितीने विचार केला आणि १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात आठवे प्रकरण विम्यासाठी राखले गेले. कायद्याचा बाकीचा भाग आधी अमलात आला. हे प्रकरण मात्र महायुद्धाच्या काळात लांबणीवर पडले आणि १ जुलै १९४६ पासून लागू झाले. भारतात थर्ड पार्टी विम्याची सक्ती त्या दिवसापासून आहे.

या प्रकरणातले कलम ९६ विशेष महत्त्वाचे होते. न्यायालयाने मालकाविरुद्ध दिलेली भरपाई कंपनीने थेट जखमीला द्यावी, असे त्यात म्हटले होते. भरपाई नाकारण्यासाठी कंपनीला कोणत्या सबबी सांगता येतील, याची यादी कायद्यातच घालून दिली होती. त्या यादीबाहेरचा बचाव कंपनीला घेता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली कॅप्टन इतबार सिंग खटल्यात स्पष्ट केले. परवान्याच्या किंवा पॉलिसीच्या अटी मोडलेल्या असल्या, तरी काही परिस्थितीत कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, ही पुढे रूढ झालेली रीत याच विचारातून आली. २००४ च्या स्वर्णसिंग खटल्याने ती पक्की केली.

मर्यादांचा काळ

सुरुवातीला व्यावसायिक वाहनांच्या बाबतीत कंपनीच्या दायित्वाला कमाल मर्यादा होती. मालवाहू वाहनासाठी ती २०,००० रुपये होती. १९६९ च्या दुरुस्तीने ती ५०,००० आणि १९८२ च्या दुरुस्तीने १,५०,००० रुपये झाली. मर्यादेपुढची रक्कम मालकाकडून वसूल करण्याची जबाबदारी जखमीवर किंवा वारसांवर पडे. तिऱ्हाइताच्या मालमत्तेच्या नुकसानीची सक्तीची मर्यादाही अशीच २,००० वरून ६,००० रुपयांवर नेण्यात आली.

दावे चालवण्याची व्यवस्था १९५६ मध्ये बदलली. त्या वर्षीच्या दुरुस्तीने राज्यांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे नेमण्याचा अधिकार मिळाला. न्यायाधिकरणात दिवाणी दाव्याचे कोर्ट फीचे ओझे आणि किचकट कार्यपद्धती बऱ्याच अंशी टळत असल्याने अपघातग्रस्तांची कुटुंबे अधिक संख्येने दाद मागू लागली.

तरीही चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची अडचण कायम होती. निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय मालक किंवा कंपनी यांच्यावर दायित्व येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली मिनू मेहता खटल्यात सांगितले. त्याच वर्षी पुष्पाबाई उदेशी खटल्याचा निकाल लागला. नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली एका जिनिंग कंपनीची मोटार झाडावर आदळून आत बसलेल्या माणसाचा मृत्यू झाला होता. अपघाताच्या स्वरूपावरूनच चालकाचा निष्काळजीपणा गृहीत धरता येतो, असे न्यायालयाने मानले. पण भाडे न देता बसलेला प्रवासी सक्तीच्या विम्यात येत नव्हता, त्यामुळे विमा कंपनीचे दायित्व पॉलिसीत स्वतंत्रपणे लिहिलेल्या १५,००० रुपयांपुरते राहिले. बाकीचा बोजा मोटारीच्या मालकावर पडला.

अशा निकालांमधून कायद्यातल्या उणिवा उघड्या पडल्या. १९८२ मध्ये कलम ९२अ आले आणि कोणाचा दोष आहे हे न पाहता मृत्यूसाठी १५,००० व कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये देणे बंधनकारक झाले. त्यानंतरच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने याहून मोठे पाऊल उचलले. १ जुलै १९८९ पासून अमलात आलेल्या या कायद्याने मृत्यू आणि शारीरिक इजेच्या बाबतीत सर्व प्रकारच्या वाहनांसाठी कंपनीचे दायित्व अमर्याद केले. मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा तेवढी ६,००० रुपये ठेवली. न्यायाधिकरण देईल ती सगळी भरपाई देण्याची जबाबदारी आता कंपनीची झाली. पुढच्या दरवाढीचे मूळ या तरतुदीत आहे.

एकच दरपत्रक

कायदा असा रुंदावत असताना विम्याचा धंदा सरकारी मालकीचा झाला होता. मे १९७१ मध्ये सरकारने सर्वसाधारण विमा कंपन्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले आणि १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमा कंपन्या व संस्था चार सरकारी कंपन्यांमध्ये विलीन झाल्या. त्यांपैकी १९१९ मध्ये दोराबजी टाटा यांनी स्थापलेली न्यू इंडिया अॅश्युरन्स मुंबईची, नॅशनल कलकत्त्याची, ओरिएंटल दिल्लीची आणि युनायटेड इंडिया मद्रासची होती. चौघींवर जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशन होते आणि तेही मुंबईतच होते.

दर ठरवण्याचे काम टॅरिफ अॅडव्हायझरी कमिटी या वैधानिक समितीकडे होते. तिचे ‘ऑल इंडिया मोटर टॅरिफ’ हे दरपत्रक सगळ्यांना बंधनकारक असल्याने कोणत्याही कंपनीत गेले तरी हप्ता तेवढाच पडे. हप्ता हातात आल्याशिवाय जोखीम घ्यायची नाही, हा नियमही त्याच काळात विमा कायद्यात पक्का झाला. मुदत संपल्यावर एक दिवस जरी उलटला तरी वाहन विम्याविना राहते, ते या नियमामुळे.

१ जुलै २००२ पासून लागू झालेल्या सुधारित दरपत्रकाची छाप आजच्या पॉलिसीवरही दिसते. वाहनाची विमा किंमत, म्हणजे ‘आयडीव्ही’, ठरवण्याचे कोष्टक त्यात होते. नव्या वाहनाच्या यादी-किमतीतून पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घसारा वजा होतो. खाजगी मोटारींसाठी देशाचे दोन विभाग केले होते. मुंबई आणि पुणे ही शहरे दिल्ली, कलकत्ता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद व अहमदाबाद यांच्यासह ‘अ’ विभागात होती, बाकी सारा देश ‘ब’ विभागात होता. १,००० ते १,५०० सीसीच्या, पाच वर्षांच्या आतल्या मोटारीला ‘अ’ विभागात आयडीव्हीच्या ३.२८३ टक्के आणि ‘ब’ विभागात ३.१९१ टक्के दर होता. म्हणजे सहा लाख रुपये आयडीव्हीच्या मोटारीला पुण्यात १९,६९८ आणि नाशकात १९,१४६ रुपये पडत. पुण्याच्या एआरएआय या संस्थेने मान्य केलेले चोरीरोधक उपकरण बसवले तर २.५ टक्के सूट होती, पण ५०० रुपयांच्या वर नाही. मोटार असोसिएशनच्या सभासदालाही अशीच छोटी सूट मिळे.

भरपाईचे गणित

१९८९ नंतर थर्ड पार्टीचा खर्च न्यायालयांच्या निकालांप्रमाणे वाढत गेला. भरपाई ठरवण्याची पद्धत २००९ च्या सरला वर्मा खटल्याने एकसारखी केली, आणि ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी प्रणय सेठी खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तिला अंतिम रूप दिले. मृताचे उत्पन्न, भविष्यातील वाढ, स्वतःवर होणारा खर्च आणि वयानुसार ठरलेला गुणक या चार गोष्टींवर हिशेब चालतो.

समजा, महिना २५,००० रुपये पगाराच्या कायम नोकरीतला तीस वर्षांचा माणूस अपघातात मरण पावला आणि त्याच्यामागे पत्नी, दोन मुले व आई आहेत. वय चाळिशीच्या आत आणि नोकरी कायम असल्यामुळे भविष्यातील वाढीचे ५० टक्के मिळवून उत्पन्न ३७,५०० रुपये धरले जाते. अवलंबून असलेले चौघे असल्याने एक चतुर्थांश रक्कम मृताचा स्वतःचा खर्च म्हणून वजा होते आणि २८,१२५ रुपये उरतात. वर्षाचे झाले ३,३७,५००. या वयाचा गुणक १७, त्यामुळे ५७,३७,५०० रुपये. त्यात अंत्यसंस्कार, सहवासाची हानी आणि मिळकतीची हानी यांसाठी निकालात सांगितलेले ७०,००० मिळवले की भरपाई ५८,०७,५०० रुपये होते. त्यावर दाव्याच्या तारखेपासूनचे व्याज वेगळे. १९८२ मध्ये मालवाहू वाहनाच्या कंपनीवर येणारा जास्तीत जास्त बोजा दीड लाखाचा होता, हे लक्षात घेतले म्हणजे फरक किती पडला ते कळते.

हा बोजा मर्यादित करण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. २०१६ च्या दुरुस्ती विधेयकात मृत्यूच्या भरपाईला दहा लाखांची कमाल मर्यादा सुचवली होती. ती संसदेत टिकली नाही; २०१९ च्या दुरुस्ती कायद्यात अमर्याद दायित्व कायम राहिले. मात्र दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करण्याचे बंधन आले, आणि दोष सिद्ध न करता मिळणारी भरपाई मृत्यूसाठी पाच लाख व गंभीर इजेसाठी अडीच लाख रुपये झाली.

खुला बाजार आणि बांधलेला दर

१९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण, म्हणजे आजचे ‘इर्डाई’, वैधानिक झाले आणि खाजगी कंपन्यांना दार उघडले. दरपत्रक मात्र आणखी काही वर्षे तेच राहिले. १ जानेवारी २००७ पासून वाहनाच्या नुकसानीचा दर खुला झाला आणि थर्ड पार्टीचा दर ठरवण्याचे काम प्राधिकरणाकडे आले. एकाच पॉलिसीतला एक भाग बाजाराच्या आणि दुसरा सरकारच्या हाती, ही आजची विभागणी तेव्हाची आहे.

यात पहिली अडचण ट्रकची आली. थर्ड पार्टीचे सर्वांत मोठे दावे मालवाहू वाहनांचे, आणि दर तोट्याचा. त्यामुळे कंपन्या ट्रकचा विमा टाळू लागल्या. त्यावर उपाय म्हणून १ एप्रिल २००७ पासून व्यावसायिक वाहनांच्या थर्ड पार्टी विम्याचा एक सामायिक निधी काढण्यात आला. कोणत्याही कंपनीने उतरवलेला असा विमा त्यात जाई आणि तोटा बाजारातील हिश्शाप्रमाणे सगळ्यांत वाटला जाई. तोटा वाटला जात असल्याने दाव्यांवर काटेकोर लक्ष ठेवण्याची निकड कोणालाच राहिली नाही. तूट वाढत गेली आणि ३१ मार्च २०१२ रोजी हा निधी बंद झाला.

त्याआधीच, २०११ मध्ये, प्राधिकरणाने दरवर्षी दरांचा फेरविचार करण्याची पद्धत सुरू केली होती. महागाई निर्देशांक, दाव्यांची संख्या आणि सरासरी भरपाई यांवर नवा दर ठरू लागला. अनेक वर्षे साचलेली तूट आता एकेका वर्षाच्या वाढीतून वसूल होऊ लागली. १,००० ते १,५०० सीसीच्या खाजगी मोटारीचा थर्ड पार्टी दर २०११ मध्ये ९२५ रुपये होता. तो २०१३ मध्ये १,११०, २०१४ मध्ये १,३३२, २०१५ मध्ये १,५९८, २०१६ मध्ये २,२३७ आणि २०१७ मध्ये २,८६३ रुपये झाला. २०१९ मध्ये तो ३,२२१ वर गेला. कोविडच्या दोन वर्षांत दर गोठले आणि १ जून २०२२ पासून ३,४१६ रुपये झाले. अकरा वर्षांत दर साडेतीन पटींहून अधिक झाला.

दुचाकींत सगळ्यांचा दर सारखा वाढला नाही. ७५ ते १५० सीसीच्या गटाचा, म्हणजे बहुतेक स्कूटर आणि शंभर सीसीच्या मोटारसायकलींचा, दर २०१५ मध्ये ५३८, २०१७ मध्ये ७२० आणि २०१९ मध्ये ७५२ रुपये होता. २०२२ मध्ये तो ७१४ वर उतरला. ३५० सीसीवरच्या मोटारसायकलींचा दर मात्र २०१७ मध्ये १,०१९ रुपये होता, तो २०१८ मध्ये एकदम २,३२३ झाला. त्या वेळच्या बुलेट ३५० चे इंजिन ३४६ सीसीचे असल्यामुळे ती ९८५ रुपयांच्या गटात राहिली आणि ४९९ सीसीची बुलेट ५०० वरच्या गटात गेली.

मालवाहतूकदारांचा विरोध या काळात वारंवार पुढे आला. जुलै २०१८ मध्ये ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेसने आठ दिवस देशभर चक्का जाम केला. डिझेलचे भाव आणि टोल यांच्याबरोबर थर्ड पार्टी दर ठरवण्यातली पारदर्शकता ही तिची एक प्रमुख मागणी होती. २०१९ च्या दुरुस्तीने दर ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे गेला. २०२२ चे दर त्यामुळे रस्ते वाहतूक मंत्रालयाने प्राधिकरणाशी विचारविनिमय करून जाहीर केले. विजेवर चालणाऱ्या वाहनांना त्यात १५ टक्के आणि हायब्रिड वाहनांना साडेसात टक्के सूट मिळाली.

२०१८ : एकाच महिन्यातले दोन बदल

बरीच वाहने विम्याविना आहेत, ही गोष्ट रस्ता सुरक्षेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आली. नवी गाडी घेताना विमा उतरवला जातो आणि पुढे विशेषतः दुचाकींचे नूतनीकरण होत नाही, असे दिसले. त्यावर २० जुलै २०१८ रोजी न्यायालयाने आदेश दिला की नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा. १ सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला.

त्याच महिन्यात मालक-चालकाच्या सक्तीच्या अपघात विम्याची रक्कम वाढली. तोवर दुचाकीसाठी एक लाख आणि मोटारीसाठी दोन लाख रुपयांचे संरक्षण अनुक्रमे ५० व १०० रुपयांत मिळत असे. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते दोन्हींसाठी १५ लाखांवर गेले आणि हप्ता ७५० रुपये झाला. शंभर सीसीच्या नव्या मोटारसायकलीवर याचा परिणाम असा झाला : ऑगस्टमध्ये थर्ड पार्टीचे ७२० आणि अपघात विम्याचे ५० मिळून ७७० रुपये, १८ टक्के जीएसटीसह सुमारे ९०९ रुपये लागत. सप्टेंबरमध्ये पाच वर्षांच्या थर्ड पार्टीचे ३,२८५ आणि एका वर्षाच्या अपघात विम्याचे ७५० मिळून ४,०३५, करासह ४,७६१ रुपये झाले. वाहनाच्या नुकसानीचा विमा यात धरलेला नाही. गणेशोत्सव ते दिवाळी हा दुचाकी खरेदीचा हंगाम तोंडावर असताना शोरूममधली ‘ऑन रोड’ किंमत अशी वाढली.

कराचा वाटाही वाढत आला होता. देशात सेवाकर १ जुलै १९९४ रोजी सुरू झाला तेव्हा दूरध्वनी, शेअर दलाली आणि सर्वसाधारण विमा या तीनच सेवांवर तो होता, आणि दर ५ टक्के होता. पुढे तो १५ टक्क्यांपर्यंत चढला आणि १ जुलै २०१७ पासून १८ टक्के जीएसटी आला.

ऐच्छिक भागातला बदल

वाहनाच्या नुकसानीच्या विम्यात २००७ नंतर उलट दिशेने घडामोडी झाल्या. स्पर्धेमुळे कंपन्या जुन्या दरपत्रकावर मोठी सूट देऊ लागल्या. पण दावा करताना प्लास्टिक आणि रबरी भागांवर ५० टक्के घसारा कापला जाई, त्यामुळे बंपर बदलायचा तर अर्धा खर्च मालकाच्या खिशातून जाई. २००९ पासून कंपन्यांना जादा संरक्षण विकण्याची मुभा मिळाली आणि हा घसारा न कापणारे ‘झिरो डेप’ आले. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरासारख्या प्रसंगांनी दुसरी त्रुटी दाखवली होती. पाण्यात बंद पडलेली मोटार पुन्हा चालू करण्याच्या प्रयत्नात इंजिन निकामी झाले, तर ते पुरामुळे थेट झालेले नुकसान नाही, अशी भूमिका कंपन्या घेत. ‘इंजिन प्रोटेक्ट’ त्या गरजेतून आले. अशा प्रत्येक जादा संरक्षणाने सुटीत वाचलेला काही भाग परत खर्च झाला.

‘नो क्लेम बोनस’ ही जुन्या दरपत्रकातली तरतूद मात्र जशीच्या तशी टिकली. दावा न करता गेलेल्या पहिल्या वर्षानंतर २० टक्के, पुढे २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के सूट मिळते. ती गाडीला नसून मालकाला असते. गाडी विकली तरी तीन वर्षांच्या आत नव्या गाडीवर वापरता येते. मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही तर ती बुडते. कोल्हापुरातल्या सहा वर्षे जुन्या, १,२०० सीसीच्या, चार लाख आयडीव्हीच्या मोटारीला जुन्या दरपत्रकाप्रमाणे ३.३५१ टक्के दराने १३,४०४ रुपये पडतात आणि ५० टक्के बोनसमुळे ६,७०२ रुपयेच भरावे लागतात. पाच हजारांच्या बंपरसाठी दावा केला तर पुढल्या वर्षी बोनस शून्यावर येतो आणि वाचलेले पैसे ६,७०२ रुपये जादा भरून फेडावे लागतात. बोनस पुन्हा पन्नासवर यायला आणखी पाच वर्षे जातात. किरकोळ दुरुस्ती स्वतःच्या खर्चाने करावी, हा जुन्या एजंटांचा सल्ला या हिशेबावर उभा आहे. ठरावीक रकमेपर्यंतचे नुकसान स्वतः सोसण्याची तयारी दाखवल्यास जुन्या दरपत्रकात २,५०० रुपयांना २० टक्के, पण ७५० रुपयांपर्यंतच सूट होती. क्वचित दावा करणाऱ्यालाच ती फायद्याची ठरते.

१ सप्टेंबर २०१९ पासून वाहनाच्या नुकसानीचा विमा थर्ड पार्टीपासून वेगळा, वेगळ्या कंपनीकडूनही घेता येऊ लागला. जुलै २०२२ मध्ये वर्षभरात चाललेल्या अंतरावर किंवा चालवण्याच्या पद्धतीवर हप्ता ठरवण्याची मुभाही प्राधिकरणाने दिली.

विम्याविना वाहने

१९८८ च्या कायद्यात विम्याविना वाहन चालवल्याबद्दल तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने दंड पहिल्या वेळी २,००० आणि पुढे ४,००० रुपये झाला. तरीही संसदेच्या स्थायी समितीने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालानुसार देशातील निम्म्याहून अधिक वाहने विम्याविना होती. अशा वाहनाने अपघात केला तर भरपाई मालकाच्या घरादारातून वसूल होते किंवा अजिबात होत नाही. १९४६ पूर्वीची स्थिती त्या कुटुंबांपुरती परत येते.

थर्ड पार्टीचा दर १९८९ च्या अमर्याद दायित्वाची किंमत आहे. तो सगळ्या कंपन्यांत सारखा असल्यामुळे तिथे घासाघीस होत नाही, आणि तो टाळणाऱ्याच्या माथी अर्ध्या कोटीहून मोठे देणे येऊ शकते. हप्ता कमी करायचा तर तो आयडीव्ही, बोनस, जादा संरक्षणे आणि कंपन्यांचे वेगवेगळे दर यांतूनच होतो. दोन भागांचे आकडे पॉलिसीवर वेगवेगळे छापलेले असतात, आणि रिन्यू करण्यापूर्वी पाहायचा तो दुसऱ्या भागाचा आकडा.